मामासमोर दात काढायचे नाहीत

“पोरीचे दात लई वाकडे हायेत, बाई. तेवढे सरळ करून द्या.”

“किती वाकडे आहेत?”

“ते काय आपण बघितलं न्हाय.”

मी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. “न बघता वाकडे आहेत हे कसं कळलं तुम्हाला?”

“तोंडावरचा हात काढती का ती! पाच वर्सं झाली माझ्या घरात ऱ्हाती, मला तिचा दात म्हणून दिसला न्हाय. सरळ असते तर कुणी झाकले असते?”

तर्क बिनतोड होता. सांगणारे गृहस्थ खाकी शर्टातले, उंच, एका पायानं जरा लंगडणारे. जगन्नाथ भोईटे, वीज मंडळात वायरमन. सगळं फलटण त्यांना जगू वायरमन म्हणायचं. त्यांच्यामागे पंधराएक वर्षांची मुलगी उभी होती, लाल रिबिनी वर बांधलेल्या दोन वेण्या आणि तोंडावर उजवा तळवा. ही त्यांच्या बहिणीची मुलगी, छबू. तिच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती, म्हणून पुढच्या शिक्षणाला मामाकडे आलेली.

“आता माझ्यासमोर तोंड उघडायची न्हाय ती,” जगूमामा म्हणाले, “मी भायेर कडुनिंबाखाली थांबतो. आन छबे, घोड्यासारखे असले तरी लाजू नगंस. बाईंनी लई घोडी बघितली असतील.”

ते बाहेर गेले. दार लागलं. मुलीनं हात खाली घेतला, आणि मी काही विचारायच्या आत घाईघाईनं म्हणाली, “वरच्यांनाच तार लावा, बाई. खालच्यांना नको.”

ही गोष्ट शहात्तर सालची. दात सरळ करायचं शास्त्र मी मुंबईत शिकले आणि नवऱ्याची नोकरी साखर कारखान्यात म्हणून फलटणला येऊन पडले. आता माझ्या नातीच्या वर्गात निम्म्या मुलींच्या दातांवर काही ना काही बसवलेलं असतं. तेव्हा तारा लावणारी दातांची डॉक्टर म्हणजे गावाला सर्कशीतल्या बाईइतकीच नवलाची होती. मला शिकवणारे सर एक गोष्ट नेहमी बजावायचे: पेशंट का आला ते आधी त्याच्या तोंडून ऐका, मग त्याच्या तोंडात बघा. मी ते पाळत आले, आणि फलटणला आल्यावर माझ्या लक्षात आलं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंधच नसतो. भाजी मंडईतल्या एका आडत्याचे खालचे दात वरच्या हिरडीत रुतत होते, घास एकाच बाजूनं चावावा लागे. मी त्याला रस्त्यात गाठून सांगितलं, तर म्हणाला, “चालतंय की बाई, अजून दुसरी बाजू हाय.” आणि एक ठणठणीत दातांची नवरी मुलगी लग्न आठवड्यावर आलं असताना धावत आली, कारण होणाऱ्या जावेचे दात म्हणे तिच्याहून बारीक होते. ज्याला गरज तो यायचा नाही, येईल त्याला गरज नसायची. पण येणाऱ्याला काहीतरी हवं असायचंच. ते काय, हे हुडकून काढायची मला खोडच लागली होती. माझा नवरा म्हणायचा, तू दातांची डॉक्टर आहेस की सीआयडी?

“उघड बघू,” मी म्हटलं.

तिनं तोंड उघडलं. मी आरसा आत घातला, फिरवला आणि बाहेर काढला. कोवळ्या मक्याच्या कणसावर दाणे बसावेत तसे दात. वरचे खालच्यांवर जितके यावेत तितकेच आलेले. आमच्या पुस्तकात ‘निरोगी दात’ म्हणून चित्र असतं, ते हिच्यावरून काढलं असावं.

“कुठं दुखतं?”

“न्हाई.”

“शाळेत कुणी चिडवतं?”

“न्हाई.”

“घरात लग्नाचं चाललंय का?”

“अजून दहावी व्हायचीय माझी!” तिनं असं बघितलं की मीच वरमले.

“मग तार कशाला हवीय?”

ती नखं बघत बसली. मग म्हणाली, “तार लावली की दात बांधले जात्यात ना? आमच्या वर्गातल्या देशपांडेच्या बहिणीला पुण्यात लावली. ती सांगत होती.”

“हो. एकमेकांना बांधून ठेवतो आम्ही.”

“घट्ट?”

“चांगले घट्ट.”

“मधीच सुटत न्हाईत?”

“मी सोडेपर्यंत नाही.”

तिचा चेहरा उजळला. मला गंमत वाटली. लोक तारेबद्दल विचारतात ते दुखेल का, दिसेल का, पेरू खाता येईल का. सुटणार तर नाही ना, असं विचारणारी ही पहिलीच.

“काही जणांचे आधी दात काढावे लागतात,” मी म्हटलं, “तुझ्या बाबतीत तो प्रश्नच नाही.”

“दात काढायचे न्हाईतच,” ती ठामपणे म्हणाली. “आजीनं बजावलंय. मामासमोर तर न्हाईच न्हाई.”

“मामांना आपण बाहेरच ठेवू. आणि काढायचेच नाहीत म्हटल्यावर काय?”

तिनं मान डोलावली. आमचं दोघींचं एकमत झालं, असं मला वाटलं.

खरं तर तेव्हाच तिला घरी पाठवायला हवं होतं. पण मला उत्तर मिळालं नव्हतं. उत्तर मिळायला ती पुन्हा यायला हवी होती, म्हणून मी वरच्या दातांचा ठसा घ्यायचं ठरवलं. ओला लगदा भरलेला साचा तोंडात दाबून धरला तेव्हा तिला उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण तिनं हूं का चूं केलं नाही. ज्याला खरी गरज असते तो इतकं सोसत नाही.

बाहेर जगूमामा सायकल धरून उभे होते. “लई वाकडे हायेत व्हय?” त्यांनी हळूच विचारलं.

छबू त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती. तोंडावर पुन्हा तळवा. तळव्याच्या वरचे डोळे मला विनवत होते.

“ठसा तयार झाला की सांगते,” मी म्हटलं. “तुमच्या पायाला काय झालं?”

“खांबावरनं पडलो की. दिवाळीच्या आदी. कुल्यापासनं टाचंपातूर पलिस्तर व्हतं.” ते हसले. त्यांचे स्वतःचे दात मात्र खरोखर वेडेवाकडे होते, आणि त्यांचं त्यांना काहीही नव्हतं. “सा म्हयनं हापिसात बसून बिलं वाटली. आता सायब म्हणतोय, जगू, जिमिनीवर लई झालं. म्हयना लागला की परत खांबावर.”

छबूचा दुसरा हातही तोंडावर गेला. तो मी पाहिला, पण का गेला ते मला कळलं नाही.

प्लॅस्टरचा ठसा वाळला तेव्हा मी तो टेबलावर खिडकीशी ठेवला. पांढराशुभ्र, एकेक दात कोरल्यासारखा. नवरा डबा घेऊन आला तेव्हा म्हणाला, “हे जाहिरातीसाठी आणलंस का?”

“पेशंट आहे.”

“याला काय करणार आहेस?”

“तेच कळत नाहीये.”

ती आली ती ठरल्या वेळेआधीच, शाळा सुटल्याबरोबर, एकटी. दप्तर खाली न ठेवता म्हणाली, “बाई, तार आजच लावायची. मामा उद्या खांबावर चढणार हायेत.”

“खांबावर मामा चढणार, आणि तार तुझ्या दातांना?”

ती दप्तराच्या बंदाशी चाळा करू लागली.

“छबू, मी तुझे दात बघितलेत. या तालुक्यात असे दुसरे नसतील. तार कशाला ते सांगितलंस तर मी ऐकेन. नाही सांगितलंस तर लावणार नाही.”

मग तिनं सांगितलं. खुर्चीत बसून, खाली मान घालून, धडा म्हणून दाखवावा तसं.

बाळाला आधी खालचे दात यायला हवेत. हिला वरचे आले. वरचे दात आधी आलेलं पोर मामाच्या मुळावर असतं, हे कुणी नव्यानं सांगायला नको. माझ्याही माहेरी म्हणायचे. हिच्या घरात त्याला एक पोटनियम होता. मामानं ते दात बघायचे नाहीत. बाळ होती तोवर मामा येणार म्हटलं की आजी, म्हणजे मामांचीच आई, तिला दुपट्यात गुंडाळून पालथं घ्यायची. मामाकडे राहायला आली त्या दिवशी आजीनं चुलीपुढे बसवून बजावलं: मामासमोर दात काढायचे नाहीत.

मला तेव्हा उलगडलं. ती हसण्याबद्दल बोलत होती, आणि मी उपटण्याबद्दल.

“पाच वर्षं मामांसमोर तू हसलीच नाहीस?”

“हात ठेवून हसायची. पण मामा लई हसवत्यात, बाई. मुद्दाम हसवत्यात. हेडमास्तरांची नक्कल करत्यात, म्हशीशी इंग्रजी बोलत्यात. मी हसत न्हाई म्हणून त्यांना वाटतं, मला त्यांच्या घरी करमत न्हाई.”

“मग?”

“दिवाळीच्या आदी एकदा सांजंला लाइट गेली. वायरमनच्याच घरात लाइट गेली म्हणून आजी बडबडत व्हती. मामा अंधारात फ्यूजच्या पेटीकडं चालले आन त्यांचा हात गेला लोणच्याच्या बरणीत. कोपरापातूर. म्हणले, आई, ही पेटी तुझ्या सासरची दिसती, लई आंबटय.” तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि तिनं तो लगेच आवळला. “मला हसू आवरंना. म्हटलं, अंधार हाय, कोण बघतंय. हात न लावता हसले. मोठ्यांदा. तेवढ्यात लाइट आली.”

“त्यांनी बघितलं?”

“काय म्हाईत. मी लगीच तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी मामा पडले.”

बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली. तिची खडखड तिनं संपू दिली.

“आजीला म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. “कुणालाच न्हाई. मग देशपांडे म्हणली, तारेनं दात बांधत्यात. आमच्या गावात भगत भूत बांधतो, दिशा बांधतो. बांधलं की बाधत न्हाई. मग मामांनी चुकून बघितलं तरी चालंल. मामाच म्हणले दात सरळ करून आणू, तवा मी आले.”

मी डॉक्टर. मी तिला समजावू लागले. दात हिरडीत कसे तयार होतात, काही मुलांचे वरचे आधी का येतात, त्याला घरातल्या कुणाच्या नशिबाशी काही देणंघेणं कसं नसतं. ती मान डोलवत होती, विज्ञानाच्या तासाला डोलवतात तशी. परीक्षेत लिहील, पण मानणार नाही. तेव्हा मी ठोकून दिलं, “माझेसुद्धा वरचेच आधी आले होते!”

तिनं मान वर केली. “तुमाला मामा हायेत?”

“होते एक.”

“व्हते? मग काय झालं त्यांना?”

माझी पंचाईत झाली. “वारले.”

“बघा!”

“अगं, ऐंशी उलटल्यावर वारले! दोन वाट्या श्रीखंड खाऊन झोपले ते उठले नाहीत.”

“पण वारले ना?” ती म्हणाली.

दारात सायकलची घंटी वाजली. “छबे! हितं हाईस व्हय? आजी घरी शोधती!” आणि जगूमामा सरळ आत आले, कारण ती खुर्चीत तोंड उघडून नव्हती, नुसती बसली होती. छबूनं तळवा तोंडावर घट्ट दाबला. माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘नको’ म्हणाली.

“बसा, भोईटे,” मी म्हटलं.

ते बसले नाहीत. त्यांची नजर खिडकीकडे गेली होती. ते पाय ओढत टेबलाशी गेले आणि तो पांढरा ठसा त्यांनी उचलला. कंदिलाची काच उचलावी तसा, दोन्ही हातांनी. उजेडात धरला. अंगठा एकेका दातावरून फिरवला.

“आयला,” ते म्हणाले. “ह्यो नमुना का? असे करून देता तुमी?”

मी छबूकडे बघितलं.

“एक सुदिक पुढंमागं न्हाय. तारंला ताण दिल्यावानी सरळ.” त्यांनी ठसा माझ्यासमोर धरला. “बाई, छबीचे असे करा. किती का दिस लागंनात. हुबेहूब असे. कुणाचे हायेत हे? कुणा शिनेमावालीचे?”

“मामा, बघू नका!”

ती ओरडली होती. खुर्चीतून उठून धावली होती, आणि ठसा हिसकावून घ्यायला दोन्ही हात पुढे केले होते. दोन्ही हात. जगूमामा तिच्याकडे बघत राहिले. मग हातातल्या ठशाकडे. पुन्हा तिच्याकडे.

“हे तुजे हायेत?”

तिला कळलं आणि तिनं हात वर नेला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

“आगं मग झाकती कशापायी? मी आपला समजतोय पोरगी लाजती, आन हितं...” त्यांनी मान हलवली. “काय गं ह्ये?”

ती रडायला लागली. रडत रडत तिनं त्यांना ते सगळं सांगितलं. वरचे आधी आलेले, आजीचं बजावणं, लोणच्याची बरणी, लाइट. तळव्याआडून निम्मं ऐकू येत नव्हतं. पण त्यांना कळत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला वाटलं, ते आता हसतील आणि आईच्या नावानं काहीतरी बोलतील. ते हसले नाहीत. शेजारच्या स्टुलावर बसले, लंगडा पाय लांब केला.

“मी कसा पडलो ते आईला काय सांगितलंय म्हाईताय का?”

“वारं सुटलं.”

“वारं.” ते थांबले. “वारं कुठलं आलंय! पट्टा लावला न्हवता मी. ह्यो असा कातड्याचा पट्टा असतो बाई, खांबाला आन कमरंला बांधायचा. हेल्पर खालनं वरडत व्हता, भोईटे, पट्टा, पट्टा. मी म्हटलं, बारा वर्सं खांबावर हाय, मला काय पट्टा शिकवतो. आन पाय सटाकला.” त्यांनी ठसा मांडीवर ठेवला. “आईला सांगितलं तर तिनं मला चपलीनं हाणला असता. म्हणून वारं.”

छबू त्यांच्याकडे बघत होती. हात अजून तोंडावरच, पण सैल झाला होता.

“बांधायचं ते मी बांधलं न्हाय,” मामा म्हणाले, “आन तू दात बांधाया निघालीस.”

मग तिनं विचारलं, “पण लाइट आली तवा तुमी बघितलं व्हतं का?”

“न्हाय. तोंड पेटीत व्हतं.”

“खरं?”

“आईच्यान.”

“आन आता बघितलं,” ती बारीक आवाजात म्हणाली. “आन उद्या चढायचंय.”

म्हणजे तिचं काही फिटलं नव्हतं. पट्ट्याची गोष्ट तिला पटली होती, आणि आजीचीही पटलेलीच होती. दोन्ही एका डोक्यात गुण्यागोविंदानं राहू शकतात, हे मी नंतरच्या आयुष्यात पुष्कळदा बघितलं. तेव्हा मला नवल वाटलं.

जगूमामांनाही ते दिसलं असावं. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “हितला खांब बी माझ्याच लायनीत हाय. बाई, उद्या शाळेच्या आदी हिला हितं थांबू द्या. पयला ह्योच खांब घेतो.” मग ठसा उचलून म्हणाले, “ह्यो नेऊ का? आईला दावतो. म्हणतो, बघ, चांगला घंटाभर हातात धरून बसलोय.”

“घंटाभर कुठं?” मी म्हटलं.

“आईला सांगताना घंटाभरच.”

तो ठसा पुढे त्यांच्या घरी रेडिओशेजारी ठेवलेला मी पाहिला. आजीनं धोका नको म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं कुलूप काढलं तेव्हा छबू कडुनिंबाखाली उभी होती. तिनं दप्तर छातीशी धरलं होतं. मामा शिडी लावून चढत होते, दुखरा पाय प्रत्येक पायरीवर नंतर ठेवत. खाली हेल्पर शिडी धरून होता. वर पोचल्यावर त्यांनी पट्टा खांबाभोवती फिरवला, कडी अडकवली आणि आम्हाला दिसावं म्हणून दोनदा ओढून दाखवला. मग खाली वाकून बघितलं.

“छबे!” वरून हाक आली. “दात काढ गं!”

रस्त्यानं सायकलवरून जाणारा दूधवाला दचकला आणि माझ्या पाटीकडे बघत पुढे गेला.

छबूचा उजवा हात उठला. निम्म्यावर आला. तिनं तो डाव्या हातानं धरून खाली ओढला, दप्तर पायाशी पडलं. आणि तिनं दात काढले. त्याला हसणं म्हणवत नव्हतं. ओठ ताणलेले, हनुवटी थरथरणारी, डोळे वर खांबाच्या टोकाला लागलेले. सकाळचं ऊन सरळ त्या दातांवर पडलं होतं.

वर मामा काम करत होते. काहीतरी सोडलं, काहीतरी आवळलं. मध्येच हेडमास्तरांच्या आवाजात ओरडले, “नववी ब! गडबड नको!” हेल्पर खो खो हसला. तिचे ओठ तेवढ्यापुरते खरे हसले आणि पुन्हा ताणले गेले.

मग कडी निघाली. ते उतरू लागले. एक पायरी, दुखरा पाय, पुढची पायरी. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, पण तिला मी दिसत नव्हते. मामांचा पाय जमिनीला लागेपर्यंत तिनं ओठ मिटले नाहीत.